हजार धावांचा डाव

मुंबईहून कसाऱ्याच्या दिशेने जाणारी आगगाडी कल्याण स्थानक मागे टाकते आणि थोड्याच वेळात शहाडला येऊन थांबते. शहाडजवळून उल्हास नदी वाहते. येथील विठ्ठलाचे देऊळ 'बिर्ला मंदिर' या नावाने सर्वत्र ओळखले जाते. शेजारचे कल्याण तर फार प्राचीन गाव. जुन्या काळी ते समुद्रव्यापाराचे मोठे बंदर होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत तेथील दानशूर रहिवाशांचा उल्लेख आढळतो. शिवछत्रपतींच्या आरमाराच्या इतिहासातही कल्याणचे नाव मानाने घेतले जाते. अशा या कल्याण-शहाडच्या परिसराचे नाव २०१६ च्या जानेवारी महिन्यात एका अगदी निराळ्याच कारणाने जगभर गेले. ते नाव नेणारा कोणी व्यापारी नव्हता आणि सेनापतीही नव्हता. तो होता दहाव्या इयत्तेत शिकणारा, पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी. त्याचे नाव प्रणव धनावडे.

प्रणवचे वडील कल्याणमध्ये रिक्षा चालवून संसाराचा गाडा ओढीत. घरची परिस्थिती बेताचीच. परंतु मुलाला क्रिकेटची आवड आहे हे ओळखून त्यांनी त्याच्या खेळात कधी आडकाठी आणली नाही. प्रणव के. सी. गांधी शाळेत शिकत होता आणि शाळेच्या संघात यष्टिरक्षक म्हणून व सलामीचा फलंदाज म्हणून खेळत होता.

दिनांक ४ जानेवारी २०१६ रोजी, सोमवारी, कल्याणच्या वायलेनगर भागातील मैदानावर एक शालेय सामना सुरू झाला. सोळा वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या भंडारी करंडक स्पर्धेतील तो सामना. एका बाजूला के. सी. गांधी शाळा, तर दुसऱ्या बाजूला आर्य गुरुकुल शाळा. शाळाशाळांचे असे सामने त्या दिवशी इतर मैदानांवरही चालू असतील. प्रेक्षकांची गर्दी नव्हती आणि वार्ताहरही नव्हते. आर्य गुरुकुलचा संघ प्रथम खेळला आणि अवघ्या ३१ धावांत बाद झाला. त्यानंतर प्रणव आपल्या जोडीदारासह फलंदाजीस उतरला.

प्रारंभापासूनच त्याची बॅट तळपू लागली. चौकारामागून चौकार आणि षट्कारामागून षट्कार निघू लागले. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, तिनशे झाल्या. एवढी मजल मारल्यावर एखाद्या मुलाने दमून वेडावाकडा फटका मारला असता आणि तो समाधानाने परत फिरला असता. प्रणव मात्र खेळतच राहिला. भारतातील शालेय क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या तेव्हा ५४६ अशी होती. पृथ्वी शॉ याने ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर, हॅरिस शील्ड स्पर्धेत केली होती. प्रणवने तीही मागे टाकली. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा त्याच्या नावावर ६५२ धावा लागल्या होत्या आणि तो नाबाद होता. त्यासाठी त्याने केवळ १९९ चेंडू घेतले होते.

त्या सायंकाळी जाणत्यांनी जुनी पुस्तके चाळली आणि त्यांच्या ध्यानात आले, की हा केवळ मुंबईचा किंवा भारताचा उच्चांक नाही. जगात कोठेही, कोणत्याही दर्जाच्या नोंदलेल्या क्रिकेट सामन्यात, एका खेळाडूने एका डावात एवढ्या धावा पूर्वी केलेल्या नव्हत्या. एकशे सोळा वर्षांहून अधिक काळ अढळ राहिलेला एक विक्रम त्या दिवशी कल्याणच्या मैदानावर मोडला होता.

तो जुना विक्रम कोणाचा होता, हे जाणून घेतल्यावाचून या नव्या विक्रमाचे मोल कळणार नाही. त्याचा मानकरीही शाळकरी मुलगाच होता. आर्थर कॉलिन्स हे त्याचे नाव. त्याचा जन्म १८८५ साली आपल्याच देशात, हजारीबाग येथे झाला होता. त्याचे वडील येथे सरकारी सेवेत होते. पुढे आईवडिलांचे छत्र हरपल्यावर हा मुलगा इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन महाविद्यालयाच्या शाळेत शिकू लागला. त्या शाळेतील दोन वसतिगृहांच्या कनिष्ठ संघांमध्ये २२ जून १८९९ रोजी एक सामना सुरू झाला. तेरा वर्षांचा कॉलिन्स सलामीला आला आणि पहिल्या दिवसअखेर त्याने २०० धावा केल्या. दुसऱ्या दिवशी तो ५०९ वर जाऊन पोहोचला. त्यापूर्वीचा उच्चांक स्टॉडार्ट नावाच्या खेळाडूने १८८६ साली केलेल्या ४८५ धावांचा होता. तो असा मागे पडला. कॉलिन्सचा डाव चार दिवस चालला. त्याच्या संघाचा शेवटचा गडी बाद झाला तेव्हा संघाची धावसंख्या ८३६ होती आणि त्यांपैकी ६२८ एकट्या कॉलिन्सच्या होत्या. तो स्वतः अखेरपर्यंत नाबाद राहिला.

या ६२८ धावांचा हिशेब आजही उपलब्ध आहे. एक षट्कार, चार वेळा पाच धावा, एकतीस वेळा चार, तेहतीस वेळा तीन, एकशे सेहेचाळीस वेळा दोन आणि सत्याऐंशी वेळा एक. बेरीज करून पाहावी. ती बरोबर ६२८ भरते. या हिशेबात दुहेरी धावांचा भरणा एवढा का, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण मैदानाच्या रचनेत आहे. त्या मैदानाची एक बाजू आखूड होती आणि त्या बाजूची सीमा चेंडूने ओलांडली, तर फलंदाजास दोनच धावा मिळत. उरलेल्या बाजूंना सीमाच नव्हती. तिकडे चेंडू कितीही दूर गेला तरी प्रत्येक धाव पळूनच काढावी लागे.

आता प्रणवच्या डावाकडे वळू. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ जानेवारीला, वायलेनगरच्या त्या मैदानाचे रूप पालटले होते. वार्ता पसरल्यामुळे वर्तमानपत्रांचे प्रतिनिधी आले, चित्रवाणीचे छायाचित्रकार आले आणि आसपासचे आबालवृद्ध मैदानाभोवती कडे करून उभे राहिले. आदल्या दिवशी प्रणव कोणाच्याही नजरेत न भरता खेळला होता. आज शेकडो डोळे त्याच्याकडे लागले होते. अशा वेळी भल्याभल्यांचे हात थरथरतात. पण प्रणवने आपला खेळ तसाच पुढे चालू ठेवला. सातशे, आठशे, नऊशे असे टप्पे मागे पडत गेले आणि अखेर क्रिकेटच्या इतिहासात कोणी न पाहिलेला आकडा फलकावर लागला: एक हजार! मैदानावर एकच जल्लोष झाला. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या संघाने डाव संपल्याचे घोषित केले. त्या वेळी प्रणव १००९ धावांवर नाबाद होता.

या डावाचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. प्रणवने ३२७ चेंडूंत १२९ चौकार व ५९ षट्कार मारले. चौकारांच्या ५१६ आणि षट्कारांच्या ३५४ अशा मिळून ८७० धावा होतात. म्हणजे पळून काढलेल्या धावा उरल्या १३९. दर चेंडूमागे सरासरी तीन धावांहून अधिक, असा त्याचा वेग पडला. तो ३९५ मिनिटे, म्हणजे साडेसहा तासांहून थोडा अधिक काळ खेळत होता. नवलाची गोष्ट अशी, की कॉलिन्सचा डावही पावणेसात तासांच्या आसपासच चालला होता. दोन मुलांनी जवळजवळ सारखाच वेळ बॅट हाती धरली; मात्र एकाच्या ६२८ झाल्या आणि दुसऱ्याच्या १००९. या अंतरात प्रणवच्या फटक्यांची ताकद आहे, तसाच दोन मैदानांच्या नियमांतील फरकही आहे.

प्रणवच्या संघाची धावसंख्या ३ बाद १४६५ झाली. मेलबर्न येथे डिसेंबर १९२६ मध्ये व्हिक्टोरिया संघाने ११०७ धावा केल्या होत्या. तो सांघिक उच्चांकही या शाळकरी संघाने ओलांडला. आर्य गुरुकुलचा दुसरा डाव ५२ धावांत आटोपला आणि के. सी. गांधी शाळेने हा सामना एक डाव व १३८२ धावांनी जिंकला.

एवढे झाल्यावर सगळीकडे आनंदीआनंद झाला. सचिन तेंडुलकर यांनी स्वतःची स्वाक्षरी असलेली बॅट प्रणवला भेट दिली. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पण त्याचबरोबर काही जाणकारांनी एक शंकाही उपस्थित केली. ती शंका समजून घेणे आवश्यक आहे. कारण कोणत्याही विक्रमाची पारख केवळ आकड्यावरून होत नाही.

शंका अशी होती. आर्य गुरुकुलच्या संघातील मोठी मुले परीक्षेच्या तयारीत गुंतली होती. त्यामुळे शाळेने जो संघ पाठविला, त्यातील बरीचशी मुले वयाने लहान होती. एवढ्या मोठ्या मैदानावर, कठीण चामडी चेंडूने खेळण्याचा सराव त्यांतील कित्येकांना नव्हता. शिवाय मैदानाच्या एका बाजूची सीमारेषा जवळ होती. प्रणवचे अनेक झेल त्या चिमुकल्या हातांतून निसटले. मग अशा सामन्यातील हजार धावांना कितपत महत्त्व द्यावे?

या प्रश्नाचे उत्तर देताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी धान्य पायलीने मोजत आणि कापड गजाने; एकाचे माप दुसऱ्याला लावून चालत नसे. क्रिकेटमध्येही तसेच आहे. देशादेशांमधील कसोटी सामन्यांचे माप वेगळे. तेथील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ४०० असून ती वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराने २००४ साली केली. प्रथम दर्जाच्या सामन्यांचे माप वेगळे. तेथे लाराच्याच १९९४ साली केलेल्या ५०१ धावा सर्वांत अधिक आहेत. शाळा, वसतिगृहे, गावे आणि संस्था यांच्या लहान सामन्यांचे माप आणखी वेगळे. लाराच्या चारशे धावा जगातील निवडक गोलंदाजांविरुद्ध झाल्या, तर प्रणवच्या हजार धावा शाळकरी मुलांविरुद्ध. म्हणून प्रणव लारापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. आणि म्हणून प्रणवच्या धावा खोट्याही ठरत नाहीत. कॉलिन्सचा विक्रमही लहान मुलांच्याच सामन्यात झाला होता. त्याचेही झेल वारंवार सुटले होते. तेथील गुणलेखकाने तर मोजणीत वीसएक धावांची चूक इकडेतिकडे झाली असावी, असे प्रांजळपणे सांगून टाकले होते. तरीही शंभरावर वर्षे जगाने तो विक्रम मानला. त्याच वजनाने तोलले, तर प्रणवचा विक्रमही पुरता खरा आहे.

आणखीही एक विचार आहे. सोपा चेंडू एकदा सीमेपार धाडणे कठीण नाही. परंतु तेच काम दोन दिवसांत १८८ वेळा करायचे, पाय जड झाले असता मन ढळू द्यायचे नाही, पुढचा चेंडू पहिल्याइतक्याच लक्षपूर्वक पाहायचा, यासाठी निराळीच चिकाटी लागते. जगात दुबळ्या संघांविरुद्ध दररोज कितीतरी सामने होतात. त्यांत हजार धावा मात्र त्यापूर्वी कोणीच केल्या नव्हत्या.

या कथेत आणखी एका संघाची आठवण ठेवली पाहिजे, आणि तो म्हणजे पराभूत संघ. त्यांची थोरवी कळण्यासाठी १९४८ सालच्या पुण्याच्या मैदानावर जावे लागेल. त्या वर्षी डिसेंबरमध्ये रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना चालू होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून खेळत होते. त्यांनी कमल भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी केली आणि पुढे खेळत ४४३ धावांपर्यंत मजल मारली. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील तेव्हाचा जागतिक उच्चांक ४५२ धावांचा होता. सर डोनाल्ड ब्रॅडमन यांनी तो १९३० साली केला होता. निंबाळकरांना त्याची बरोबरी करण्यासाठी अवघ्या नऊ धावा हव्या होत्या. मधल्या सुटीची वेळ झाली, आणि काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला. संघ सामना सोडून निघून गेला. भाऊसाहेब ४४३ वर नाबाद राहिले, ते कायमचेच. त्यांना कसोटी सामन्यात खेळण्याची संधीही कधी मिळाली नाही. मात्र पुढील पाऊणशे वर्षांत कोणाही भारतीय फलंदाजाला प्रथम दर्जाच्या सामन्यात ती धावसंख्या ओलांडता आली नाही.

काठेवाडच्या संघात जाणती, मोठी माणसे होती. आपल्या संघाचे नाव पराभवाच्या विक्रमाशी जोडले जाऊ नये, म्हणून त्यांनी मैदान सोडले. आर्य गुरुकुलची मुले मात्र मैदान सोडून गेली नाहीत. पहिल्या दिवशी त्यांच्यावर धावांचा पाऊस पडला. तरी दुसऱ्या दिवशी ती परत आली. फटक्यामागून फटका सीमेपार जात होता, तरी ती चेंडू उचलून आणीत होती आणि पुन्हा गोलंदाजी करीत होती. त्यांनी एक चेंडू टाकायचे नाकारले असते, तर हजाराचा आकडा फलकावर लागलाच नसता. प्रणवच्या विक्रमात या मुलांच्या सोशिकपणाचा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

विक्रम झाला की कथा संपली, असे वाचणाऱ्यास वाटते. ज्याने तो केला त्याची कथा मात्र तेथूनच सुरू होते. कॉलिन्स जन्मभर त्या ६२८ धावांमुळेच ओळखला गेला. तो पुढे सैन्यात अधिकारी झाला, प्रथम दर्जाचे क्रिकेट कधीच खेळला नाही, आणि पहिल्या महायुद्धात ११ नोव्हेंबर १९१४ रोजी ईप्रच्या रणभूमीवर त्याला वीरमरण आले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

प्रणवलाही आपल्या हजार धावांचे ओझे वाहावे लागले. तो कोठेही खेळावयास गेला, तरी लोक त्याच्याकडून पुन्हा तशाच पराक्रमाची अपेक्षा करू लागले. पन्नास धावा ही इतर मुलाच्या दृष्टीने चांगली खेळी. प्रणवने पन्नास केल्या, तर लोक म्हणत, 'एवढ्याच?' अपेक्षांच्या या भारामुळे त्याचा खेळ काही काळ खालावला. अशा वेळी, २०१७ साली, त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट संघटनेस एक पत्र लिहिले. मुलाचा खेळ सध्या समाधानकारक नाही. तो सुधारेपर्यंत त्याची शिष्यवृत्ती थांबवावी, अशी विनंती त्यांनी त्या पत्रात केली.

महिन्याला दहा हजार रुपये ही रिक्षा चालवून पोट भरणाऱ्या गृहस्थाला लहान रक्कम नव्हे. ती घेत राहिले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. ती रीतसर जाहीर झालेली होती. परंतु ज्या कामासाठी पैसे मिळतात ते काम मनासारखे होत नसेल, तर पैसे घेणे योग्य नाही, असे त्या बापाला वाटले. मुलाच्या हजार धावा मोजायला दोन गुणलेखक बसले होते. बापाच्या या कृतीची नोंद कोणत्याच धावफलकावर होणार नव्हती. तरीही ज्यांनी त्या पत्राची वार्ता वाचली, त्यांना ती त्या १८८ फटक्यांइतकीच लक्षात राहिली.

विक्रमांच्या पुस्तकात १००९ हा आकडा कोरला गेला आहे. कदाचित पुढे कधी तोही मोडला जाईल. विक्रम मोडण्यासाठीच असतात, आणि कॉलिन्सचाही एक दिवस मोडलाच. पण त्या आकड्याच्या मागे उभी असलेली माणसे पुस्तकात दिसत नाहीत, ती आपण ध्यानात ठेवावीत: साडेसहा तास मन स्थिर ठेवणारा मुलगा, हार पत्करून शेवटपर्यंत चेंडू टाकणारी लहान मुले आणि कष्टाच्या कमाईवर भरवसा ठेवणारा त्याचा बाप. कल्याण-शहाडच्या मैदानांवर आजही सकाळ-संध्याकाळ मुले बॅट घेऊन उतरतात. त्यांतील प्रत्येकाच्या नावापुढे डावाच्या आरंभी एकच आकडा असतो, शून्य. हजार धावा करणाऱ्या मुलालाही पुढच्या डावात तेथूनच आरंभ करावा लागतो, ही या खेळाची सर्वांत मोठी शिकवण आहे.